आवडीचा रकाना

चाखणबाईंनी एकतीस वर्षं पगार घेऊन दारू थुंकली. मद्याच्या कारखान्यात त्यांचं कामच ते होतं. नंबर टाकलेल्या पेल्यातला घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि कागदावर गुण लिहायचे. कोणत्या पेल्यात काय आहे, हे त्यांना कुणी सांगायचं नाही असा नियम होता. तो त्यांनीच घालून घेतला होता. "किंमत कळली की जीभ लगेच टाय लावून बसते," असं त्या म्हणत.

घरी त्यांचे यजमान पुस्तकबांधणी करत आणि दारूच्या थेंबालाही शिवत नसत. त्यामुळे रविवारी दुपारी रम, कोमट पाणी आणि लिंबाची चकती ही मैफल बाईंची एकटीचीच. रम कारखान्यातलीच, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर बसणारी.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि नव्या मॅनेजरांनी त्यांना बोलावलं. टेबलावर चोवीस वर्षं मुरलेली व्हिस्की होती. बाटली इतकी जड की रिकामी झाली तरी पिणाऱ्याला पत्ता लागू नये.

"मॅडम, जाहिरातीत तुमचा फोटो छापतोय. खाली एकच ओळ, 'एकतीस वर्षांत मला सर्वांत आवडलेली.' तुम्ही सही करा, दोन वर्षांची मुदतवाढ तयार आहे."

मुदतवाढ बाईंना हवीच होती. जिभेला काम उरलं नाही तर ती दिवसभर नुसती बोलत सुटेल, ही धास्ती त्यांना होती. यजमानांना तर जास्तच.

"आधी पेल्यात येऊ द्या," बाई म्हणाल्या. "नंबर टाकून, बाकीच्यांबरोबर."

घरी यजमानांनी समजूत घातली. "करून टाक सही. मीसुद्धा न वाचता पुस्तकं बांधतोच की."

"बांधता. पण 'मला फार आवडलं' असं पुठ्ठ्यावर लिहिता का?"

"तुझ्या मावशीच्या हातच्या जेवणाला मी 'छान' म्हणालो होतो."

"ते लग्न जमवायला. हे काम आहे."

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये दहा पेले आले. मॅनेजर जातीने शेजारी बसले. गुणांच्या कागदावर त्यांनी रातोरात 'आवड' नावाचा नवा रकाना छापून आणला होता. बाईंनी चौथा पेला उचलला, हुंगला, चाखला, थुंकला आणि चौऱ्याण्णव गुण लिहिले. इतके गुण त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते.

"चार नंबर म्हणजे आपलीच!" मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठले. तोवर बाईंनी शेजारच्या रकान्यात लिहून टाकलं होतं, 'नाही'.

"चौऱ्याण्णव, आणि आवड नाही?"

"चांगली आहे हो. करणाऱ्याच्या हाताला सलाम. नाव ठेवायला जागा नाही. पण मला नाही आवडत. आमच्या गल्लीतला सगळ्यात गुणी मुलगा कोण, हे मला ठाऊक होतं. म्हणून काय त्याच्याशी लग्न केलं?"

"मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

"आपली खालच्या फळीवरची रम."

"तिला तुम्हीच एकसष्ट गुण दिलेत, मॅडम!"

"तेवढीच तिची लायकी. गोडवा जरा जास्त, चव टिकत नाही. गुण तिचे, आवड माझी."

"असं छापलं तर महाग बाटली घेणार कोण?"

"ज्याला आवडेल तो. त्याला माझी सही कशाला लागते? आणि ज्याला लागते, त्याने दारू कशाला प्यावी? माझा फोटोच चाटावा."

मॅनेजर गंभीर झाले. "मग मुदतवाढीचा फेरविचार करावा लागेल."

"करा की. सावकाश करा. पण लिहिलेलं खोडणार नाही."

ते निघून गेल्यावर प्रयोगशाळेतली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, एका शब्दासाठी नोकरी घालवलीत?"

"अगं, एकतीस वर्षं यांना जीभ भाड्याने दिली. आवड दिली नव्हती."

ट्रेमध्ये सहा पेले बाकी होते. बाईंनी चूळ भरली आणि पाचवा पेला उचलला. सहांपैकी दोघांना नापास केलं, त्याची कारणं स्वच्छ अक्षरात लिहिली, आणि आवडीच्या रकान्यात त्या 'नाही'च्या खालून शेवटपर्यंत पट्टी धरून एक सरळ रेघ मारली.