काकांची फियाट

शेजारचे काका फियाट सुरू करण्याआधी तिच्याभोवती फेरी मारून चारही चाकांना हात लावायचे. विमा भरायचं मात्र त्या वर्षी राहून गेलं. आणि कुपवाडच्या रस्त्यावर गाडी मागे घेताना त्यांनी एका सायकलवाल्या कामगाराला धडक दिली. त्याचं मनगट मोडलं.

धडक विमा असलेल्या दुसऱ्याच गाडीनं दिली असं कोर्टात दाखवायचं, असं काकांच्या घरच्या सगळ्यांनी ठरवलं. कामगारही तयार झाला. कोर्टात काकाच उठले. "साहेब, गाडी माझी हाय. तिचा विमा न्हाई."

दंड झाला, भरपाईही त्यांच्याच अंगावर पडली. बाहेर आल्यावर कामगार चिडला. "आवं काका, विमा कंपनीनं दिलं असतं की! तुमच्याकडनं कवा मिळायचं?"

काकांनी बाहेर उभ्या फियाटभोवती फेरी मारली, चारही चाकांना हात लावला आणि किल्ली कामगाराच्या धड असलेल्या हातात ठेवली.