वहिनीच्या नळीतला लाल रंग

ऐंशी सालानंतर कधीतरी, मी ज्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होते तिथे गर्भतपासणीचं नवं द्रावण आलं. लालभडक, आणि त्यात खरं सोनं. डोळ्यांना न दिसणारे कण, त्यांवर प्रतिपिंडांचा लेप. गर्भार बाईच्या लघवीतलं एक प्रथिन भेटलं की कण एकमेकांना चिकटत आणि लाल रंग उडे. किती उडाला, ते नळीतून प्रकाश सोडून यंत्र सांगे.

आमच्या बेटावरच्या ग्रां बुआ गावाहून थोरली वहिनी आली. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. तिसराच महिना, पण पोट पाचव्यासारखं. ओकाऱ्या थांबत नव्हत्या.

"सगळी म्हणतात जुळं आहे. वन्सं, तुम्हीच बघा."

रंग लगेच उडाला. मी लघवीत पाणी घालून पुन्हा पाहिलं. शंभरपट, मग पाचशेपट. एवढ्या पाण्यात ते प्रथिन विरळ होऊन लाल टिकायला हवा होता. टिकला नाही. मी नळ्या धुऊन सगळं पहिल्यापासून केलं. आकडा तोच.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मूल नाही. नुसती वार वाढते आहे, द्राक्षांच्या घडासारखी. काढावी लागेल. पुढे वर्षभर दर महिन्याला तपासणी. तोवर दिवस राहता कामा नयेत."

ते तिला मीच सांगितलं. ती रडली नाही. परतीची बस किती वाजता, एवढंच तिने विचारलं.

वार काढल्यावर तीन महिने लाल रंग वाढत गेला. चौथ्या महिन्यात नळी पुन्हा फिकी पडली. वहिनी माझा चेहरा पाहत होती.

"मो आन्सेंत आंकोर?" पुन्हा दिवस राहिलेत का? लाजली की ती क्रिओलमध्ये बोले.

"दादा जवळ आला होता?"

तिने मान हलवली. नाही. तरीही ती हसत होती, आणि मला त्या हसण्याचीच भीती वाटली.

छातीच्या फोटोत डाग निघाला; उरलेल्या वारेचा कर्करोग होऊन तो फुप्फुसात पोचला होता. इंजेक्शनं सुरू झाली, केस गेले, तोंड सोललं. दादा रोज देवळात जाऊन बसे. आठ महिन्यांनी नळी लाल राहिली आणि पुढेही लालच राहिली. वहिनी वाचली. मूल मात्र झालं नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती तपासणीसाठी लघवीची बाटली दादाच्या हाती पाठवी. स्वतः बसथांब्यावर थांबे. निकाल सांगायला मी बाहेर गेले, की मी जवळ पोचेपर्यंत ती डोळे मिटून घेई.