बिनबटणांचा ब्राउझर

काटछाटराव म्हणजे आमच्या वाचनालयातल्या चार जुन्या संगणकांचे राखणदार. नाव आम्हीच ठेवलेलं; माणूस चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचा. मी पुस्तकं देण्याच्या टेबलावर, ते समोरच्या कोपऱ्यात, अशी आमची एकोणीस वर्षं गेली. यंदा वरून फर्मान आलं, यंत्रं चालत नसतील तर भंगारात काढा. यंत्रं गेली की रावांची नोकरीही गेली. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

आणि यंत्रं चालत नव्हतीच. नेहमीचा ब्राउझर उघडेपर्यंत लोक कंटाळून घरी जायचे. मग रावांनी कुणीतरी प्रयोग म्हणून बनवलेला एक हलका ब्राउझर शोधून काढला. त्याला बटणं नाहीत, पत्ता लिहायची पट्टी नाही, समोर फक्त पान. सगळा कारभार कीबोर्डवर. काय हवं, काय नको, ते एका साध्या फाईलीत ओळीओळीने लिहून सांगायचं.

तीन आठवडे ते त्या फाईलीला चिकटून होते. एक ओळ बदलायची, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. कधी अक्षरं मुंगीएवढी, कधी पडदा पांढराफटक.

"उघडलं का तुमचं भूत?" मी चिडवायची.

"उघडलं, पण बोलत नाही," म्हणत ते डोळे चोळायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. इतकं झिजलेलं कोण बघणार होतं? पण शेवटी चारही यंत्रांवर पान झटक्यात उघडायला लागलं.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाई ते बघून खूश झाल्या. मग त्यांनी माउस वर नेला, खाली नेला, चारही कोपरे धुंडाळले.

"पत्ता कुठे लिहायचा?"

"कीबोर्डवरचा ओ दाबा," राव म्हणाले.

"आणि मागे जायला?"

"एच."

"हे लोकांना कसं कळणार?"

"मी असतो ना इथे सांगायला."

राव सहज बोलून गेले. कीबोर्डच्या सगळ्या कळा त्यांनी आपल्याच बोटांच्या सवयीने नेमल्या होत्या. खुर्चीत दुसरं कुणी बसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"यंत्रं राहू द्या," बाई म्हणाल्या. "कळांचा एक कागद भिंतीवर लावा. मग वेगळा माणूस ठेवायला नको."

बाई गेल्या आणि राव कागद घेऊन बसले. मला राहवेना. "दोन कळा गाळा त्यातल्या. अडू देत लोक, मग तुम्हालाच बोलावतील."

"अडतील ना, म्हणूनच गाळत नाही," ते म्हणाले. आवाजात त्राण नव्हतं.

संध्याकाळी भिंतीवर लावलेला कागद मी शेवटपर्यंत वाचला. मोठं, सुटं अक्षर. एकही कळ गाळलेली नव्हती. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'तरीही अडलं, तर पुस्तकांच्या टेबलावरच्या बाईंना विचारा.'

मला त्यातलं काहीच येत नव्हतं. मी पहिल्या यंत्रासमोर खुर्ची ओढली आणि ओ दाबला.