रुमालाखालचा टेलिफोन

चाकणच्या बैलबाजारात इनायत दलालाच्या तोंडून भावाचा आकडा ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. मुका नव्हता बरं का! बोलायला बसला की समोरच्याच्या चहावर साय धरायची. पण बैलाचा भाव मात्र बोटांनीच. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून खांद्यावरचा लाल रुमाल टाकायचा आणि आत जितकी बोटं दाबली तितक्या शेकड्यांचा भाव. तळहातावर अंगठा खर्रकन ओढला की सौदा झाला. मूठ मिटली की राम राम, पुढचं गिऱ्हाईक. भोवती गर्दी कितीही असो, आत काय शिजतंय ते कुणाच्या बापाला कळायचं नाही.

"भाव तोंडातनं निघाला की बाजाराचा झाला," इनायत म्हणायचा. "हातात हाय तवर दोघांचा. आन् तोंड खोटं बोलतं, हात न्हाई बोलत. लबाडी करताना तळव्याला घाम फुटतोच."

त्याची बायको रोशनबी यावर कपाळाला हात लावायची. "यांना वांगी आणायला धाडायची सोय न्हाई, बाई. भाजीवालीचा हात धरून बसतील!"

असा हा माणूस. आणि त्याच्याच पोराच्या दुकानात चौऱ्याहत्तर साली टेलिफोन आला. कादरचं ट्रक-ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बाजाराला लागूनच होतं. अर्ज करून पोरगा थकला होता, तेव्हा कुठं ते काळं धूड गल्ल्याशेजारी येऊन बसलं. अगरबत्ती काय, जिलबी काय, बघायला माणसांची रीघ काय! इनायतभाईही आले. आडवं-उभं न्याहाळलं, उचलून वजन केलं, तार ओढून बघितली आणि विचारलं, "दात किती?" दुकान हसून लोळलं. कादरला मात्र लाज वाटली.

रोशनबी पहिल्याच आठवड्यात तरबेज झाली. कासारवाडीला दिलेल्या लेकीशी, झुलेखाशी, ती एवढ्या मोठ्यानं बोलायची की तारेचा खर्च उगाच केला असं वाटावं. इनायतनं मात्र त्या वस्तूला पुन्हा बोट लावलं नाही.

आता म्हातारी माणसं नव्या वस्तूंना घाबरतात, असं शहाणे लोक सांगत फिरतात. घाबरतात डोंबल! याच इनायतनं सगळ्या बाजारात पहिली बॅटरी विकत घेतली होती. का, तर पहाटेच्या अंधारात बैलाचे दात दिसतात म्हणून. कुणी शिकवायला गेलं नव्हतं. टेलिफोनच्या बाबतीत घोळ झाला तो वेगळाच. एकदा भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, कादर बोलून गेला, "राहू द्या हो, अब्बांना आता ते जमायचं नाही." झालं! म्हाताऱ्याच्या नाकाला मिरची झोंबली.

"न्हाई ना जमायचं?" तो म्हणाला. "मग जमलं तरी करनार न्हाई."

आणि तो चपला घालून निघून गेला. अहो, असं बोलल्यावर मीही गेलो असतो.

आता सोपानरावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पिंपळे गुरवचा हा शेतकरी इनायतचा जिवाचा दोस्त. तरुणपणी पहिल्याच सौद्यात दोघं एकाच रुमालाखाली एवढे भांडले होते की सौदा मोडला, रुमाल फाटला आणि दोस्ती तेवढी झाली. तेव्हापासून सोपानरावाच्या गोठ्यातला बैल इनायतच्या हाताशिवाय आला नाही, गेला नाही. त्या वर्षी सोपानरावाचं रान प्लॉट पाडायला गेलं. मुलगा जयसिंग पिंपरीच्या कंपनीत शिफ्ट करत होता, त्याला गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या काढायच्या होत्या. बैलांना काम उरलं नाही, आणि थोड्या दिवसांत जागाही उरणार नव्हती. त्यात सोपानराव न्हाणीत पाय घसरून पडला. मांडीपर्यंत प्लास्टर.

इनायत भेटायला गेला तेव्हा सोपानराव खाटेवर फणसासारखा पडला होता आणि बाहेर हौशा-गवशाची जोडी रवंथ करत होती. वासरं असल्यापासून एका जुवाखाली वाढलेले बैल. एकाला पाणी दाखवलं की दुसरा मान वळवायचा.

"इन्या, इकावी लागनार रं," सोपानराव म्हणाला. "पर दोन गोष्टी आयक. जोडी फोडायची न्हाई. आन् शेवटचा हात माझा. माझ्या हाताबिगर दिलीस तर तुझं तोंड बघनार न्हाई."

"पाय मोडलाय तुझा, अक्कल न्हाई मोडली," इनायत म्हणाला. "तुझा हात चाकणला कसा पोचनार?"

"काका, इथल्या वखारीत फोन आहे की," जयसिंग मध्येच बोलला. इनायतनं त्याच्याकडं असं बघितलं की पोरगा चहा आणायला आत गेला.

म्हाताऱ्याचा बेत साधा होता. जोडी चाकणला नेऊन बाजारात उभी करायची, चांगलं गिऱ्हाईक गाठायचं, एसटीत घालायचं, पिंपळे गुरवला आणून सोपानच्या हातात हात द्यायचा. फोनबिनची गरज काय?

पण शनिवारी जोडी बाजारात उभी केली आणि गिऱ्हाइकं आली दोन. एक होता लांबचा व्यापारी, ट्रक घेऊन आलेला. त्याला हवा होता एकटा हौशा. रुमालाखाली त्यानं चार बोटं दाबली. एका बैलाला चार! दुसरं गिऱ्हाईक होतं भीमाशंकरच्या वाटेवरचा बबनराव आणि त्याची बायको मंजुळाबाई. त्यांना जोडीच पाहिजे होती. मंजुळाबाईनं तर भावाआधीच गवशाच्या गळ्याखाली खाजवायला सुरुवात केली होती. बबनरावानं हात दिला, बराच वेळ विचार केला आणि पाच बोटं दाबली. दोन बैलांना मिळून पाच. त्याचा तळवा मात्र कोरडा ठणठणीत होता.

"पिंपळे गुरवला चला, मालकाचा हात घेऊ," इनायत म्हणाला.

"न्हाई जमायचं, चाचा," बबनराव म्हणाला. "बैलं पायी न्यायची. उजेडात निघालं पायजे, न्हाईतर आमी बैलाबिगर जातो."

तिकडं व्यापारी ट्रकचा भोंगा वाजवत होता. हौशाला हो म्हणा, नाहीतर मी निघालो. इनायत कात्रीत सापडला. बबनरावाला परस्पर द्यावी तर सोपानचा हात नाही. न द्यावी तर पुढच्या शनिवारी असं जोडीचं गिऱ्हाईक मिळेल याची खात्री कुणी द्यायची? खोल्यांचं सामान तर येऊन पडलं होतं. जोडी फुटली असती. आणि उभ्या आयुष्यात त्यानं मालकाच्या हाताशिवाय एक शेळीसुद्धा दिली नव्हती.

तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. कादरनं बघितलं. काही तरी बोलावं असं त्याच्या ओठांवर आलं, पण मागचा धडा आठवून तो गप्प बसला. तेवढं बरं केलं.

"लाव," इनायत भिंतीकडं बघत म्हणाला.

"काय लावू, अब्बा?"

"माझं डोस्कं लाव! फोन लाव. सोपानला."

कॉल मागितला, एक्स्चेंजची बाई "थांबा" म्हणाली, आणि तोवर अर्धा बाजार दुकानाच्या दारात गोळा झाला. इनायतभाई फोन करणार! पलीकडं वखारीत निरोप पोचला, तसं जयसिंग आणि वखारवाल्यांनी सोपानरावाला खाटेसकट उचलून वखारीत नेलं. घंटी वाजली. कादरनं रिसीव्हर बापाच्या हातात दिला.

इनायतनं तो गल्ल्यावर ठेवला, वरून रुमाल टाकला, आत हात घातला आणि जोरात पाच बोटं दाबली.

मग वाट बघत बसला.

आता गंमत बघा. तिकडं पिंपळे गुरवच्या वखारीत सोपानरावानंही रिसीव्हर मांडीवर घेऊन वर धोतराचा सोगा टाकला होता, आणि तोही इनायतच्या बोटांची वाट बघत होता! दोन्हीकडं शुकशुकाट. रुमालाखालून एक्स्चेंजची बाई तेवढी बारीक आवाजात ओरडत होती, "हॅलो! बोला! अहो कुणीतरी बोला, वेळ चाललाय!"

"सोपान्याचा हात लई थंड लागतोय," इनायत काळजीनं म्हणाला. मग त्यानं आणखी चाचपडलं, रिसीव्हर ठेवायच्या जागेवरच्या दोन गुंड्या हाताला लागल्या, त्याला वाटलं हीच बोटं, आणि त्यानं त्या दाबल्या. फोन कट.

हशा असा उठला की बाहेरचे बैल बुजले. कादर नाही हसला. त्यानं मुकाट्यानं पुन्हा कॉल मागितला आणि फक्त एवढंच म्हणाला, "अब्बा, याचा कान वरच्या बाजूला आहे."

कॉल लागला. इनायतनं रिसीव्हर कानाला लावला आणि दचकला. "इन्या? मर्दा, हात का काढून घेतलास?" सोपानचा आवाज, अगदी कानात!

"सोपाना!" म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "दोन गिऱ्हाइकं हायत. एक एकट्या हौशाला मागतोय. दुसरा जोडीला. नवरा-बायको हायत, मानसं चांगली."

"भाव?"

इनायतनं भोवती बघितलं. दारात अर्धा बाजार कान टवकारून उभा. त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "बाई, तुमी आयकताय का?"

"नाही हो," एक्स्चेंजची बाई लगेच म्हणाली, "मी अजिबात ऐकत नाहीये."

म्हणजे संपलंच! भाव बोलणार कसा? मग त्यानं रुमाल डोक्यावरून रिसीव्हरसकट ओढून घेतला, आणि बोलायच्या जाळीवर नखानं वाजवलं. एका बैलाला चार. टक टक टक टक. थांबला. मग जोडीला पाच.

आणि मग पलीकडून आलं. टक. टक. टक. टक.

"आलं!" रुमालाच्या आतून इनायत ओरडला. "अरं, आलं की सोपान्याचं बोट!" पण मग तो गोंधळला. चार? म्हणजे एकट्या हौशाला देतोय की काय हा? "सोपाना, कुनाला रं हे?"

"जोडीला!"

तारेत काहीतरी अडकलं असेल, असं वाटून त्यानं पुन्हा पाच वाजवले. पलीकडून पुन्हा चार. पुन्हा पाच. पुन्हा चार. घेणारा पाच देतोय आणि विकणारा चारच मागतोय, असा सौदा इनायतनं जन्मात बघितला नव्हता. त्याचं टाळकं सरकलं.

"अरं येड्या, पाच!" तो रुमाल फेकून गरजला. "जोडीला पाच देतोय त्यो! पाच!"

इनायत दलाल भर बाजारात भाव तोंडानं बोलला होता. चहावाल्याची किटली ओतायची तशीच राहिली.

"कळतंय मला, बहिरा न्हाई मी!" सोपानराव पलीकडून असा ओरडला की ते सगळ्या दुकानानं ऐकलं. "मला चारच पायजेल! पाचवं बोट त्यांच्याकडंच ऱ्हाऊ दे. सरकी पेंड घाल म्हनावं बैलास्नी. माझ्याच्यानं आता व्हनार न्हाई ते."

इनायतनं एका हातात रिसीव्हर धरला, दुसऱ्या हातात बबनरावाचा हात घेतला आणि कादरला खुणेनं दोन्हींवर रुमाल टाकायला लावला. आत चार बोटं दाबली. बबनराव प्रामाणिक गडी, त्याला वाटलं ऐकण्यात चूक होतेय, त्यानं पाच दाबली. इनायतनं पुन्हा चार दाबली, मान हलवली आणि जाळीशी म्हणाला, "दे सोपाना."

तारेतून आलं, खर्रर्र. सोपानरावानं जाळीवर अंगठा ओढला होता. त्याच दमात इनायतनं बबनरावाच्या तळव्यावर अंगठा ओढला. मालकाचा शेवटचा हात पोचला. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून बैलांकडं पळाली, आणि व्यापारी हात झटकून ट्रककडं गेला.

"तीन मिनिटं झाली," एक्स्चेंजची बाई म्हणाली. तिचं नाक चोंदल्यासारखं वाटत होतं. "वाढवायची का?"

"वाढव, बाई," सोपानराव म्हणाला.

वाढवली. पण आता बोलायचं काय? सौदा झाला होता. बाहेर घुंगरं वाजायला लागली, हौशा-गवशा निघाले होते. ती घुंगरं तारेतून पिंपळे गुरवपर्यंत ऐकू गेली असणार.

"गेली का रं?" सोपानरावानं विचारलं.

"गेली. संगट गेली."

"इन्या," सोपानराव म्हणाला, "हात दे रं."

इनायतनं रिसीव्हर खाली घेतला, रुमालाखाली धरला, आणि लाइन तुटेपर्यंत तसाच घट्ट धरून बसला. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या शनिवारी बाजार उठल्यावर तो दुकानात आला आणि गल्ल्यापाशी ठाण मांडून बसला.

"लाव."

"कुणाला, अब्बा?"

"सोपानला."

"आता काय विकायचंय?"

"काय न्हाई," इनायत खांद्यावरचा रुमाल काढत म्हणाला. "हात द्यायचाय."