गाडीला रमणभाऊ दिसले नाहीत

“लिही, ड्रायव्हर एरर. आणि सही कर,” देसाई साहेब म्हणाले.

मी लॅपटॉपवर ‘ड्रायव्हर’ इथपर्यंत टाइप केलं होतं. काचेपलीकडे वर्कशॉपच्या दारात तोच ड्रायव्हर चपला काढून उभा होता. आमच्याकडे चपला काढायचा नियम नाही. पण फरशी इतकी चकचकीत ठेवली आहे की आसपासच्या पाड्यांवरची माणसं आपणहून काढतात. साहेबांना ते फार आवडतं.

मी कोसबाडचा, आडनाव बारी. तलासरीत हायवेला लागून एका महागड्या जर्मन गाडीचं वर्कशॉप आहे, तिथे डायग्नोस्टिक टेक्निशियन म्हणून काम करतो. म्हणजे गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि तिला कुठे दुखतंय ते विचारायचं. गाडी खरं सांगते. तिचा मालक, त्याचा भाऊ आणि आमचे साहेब काय सांगतात ते वेगळं. ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही. ते नाव घेताना आमचे साहेब टाय सरळ करतात, एवढ्यावरून काय ते ओळखा.

गाडी होती डहाणूच्या रमणभाऊंची. रमणभाऊंचा फुग्यांचा कारखाना आहे. वाढदिवसाचे, लांबट, दिल लिहिलेले, सगळे फुगे. माणूस कष्टाने वर आला, यात वाद नाही. पण मुलीचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही वलसाडहून मोठ्या गाडीतून आले, तेव्हापासून रमणभाऊंना आपल्या गाडीत बसवेना. दोन महिन्यांत ही जर्मन दारात आली. तिच्यात ताशी अडीचशे जायची ताकद आहे. डहाणूच्या इराणी रोडवर ती रिक्षामागे रिक्षाच्या चालीने जाते, आणि गल्लीत वळत नाही म्हणून कारखान्याच्या कंपाउंडमध्ये झोपते. पण तिचं दार लावलं की ‘धप्प’ असा जड आवाज येतो. रमणभाऊ पाहुण्यांना आधी तो आवाज ऐकवतात, मग चहा देतात.

गाडी विकताना देसाई साहेब प्रत्येकाला इतिहास सांगतात. त्यांचं ते कीर्तनच आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीत एका इंजिनियरने तीन चाकांची, घोड्यावाचून पळणारी गाडी बनवली. लोक हसले. तो हात बांधून बसला. मग एक दिवस त्याच्या बायकोने त्याला न विचारता गाडी काढली, पोरांना घेतलं आणि सरळ माहेर गाठलं. वाटेत इंधन संपलं, तर औषधाच्या दुकानातून स्पिरिटसारखं काहीतरी घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर मोच्याकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. इथे साहेब थांबतात आणि म्हणतात, “सर, तुम्ही गाडी नाही, ती हिंमत विकत घेताय.” गिऱ्हाईक मान डोलावतं. ज्याला रस्त्यात टायर बदलायचं म्हटलं तरी घाम फुटतो, त्याला ही गोष्ट विशेष भावते.

तर घटना अशी. व्याही दुसऱ्यांदा आले. रमणभाऊंनी त्यांना कंपाउंडमध्ये नेलं आणि जाहीर केलं की ही गाडी स्वतः ब्रेक मारते. आता ते बघायचं. लॅटेक्स, म्हणजे फुग्यांसाठी लागणारा रबराचा चीक, ज्यातून येतो ते एक रिकामं लोखंडी पिंप मधोमध उभं केलं. व्याही पिंपाच्या मागे उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढू लागले. स्टिअरिंगवर काळूराम होता, कैनाडचा. वीस वर्षं रमणभाऊंचा टेम्पो चालवून तो या गाडीवर आला होता.

तो व्हिडिओ मी पाहिला आहे. त्यात रमणभाऊंचा आवाज स्पष्ट येतो, “काळू, ब्रेकला पाय लावायचा नाय! गाडीला करू दे!” गाडी येते. गाडी काही करत नाही. मग टायर घासल्याचा आवाज, पिंपाचा ढणाण आवाज, आणि पुढे फक्त आकाश दिसतं.

काळूरामने शेवटच्या क्षणी ब्रेक मारला होता. पिंप गडगडलं, व्याही मागे बसकण मारून पडले, पँट मळली. बंपरला तडा गेला. एवढ्यावर भागलं. त्याने हुकूम पाळला असता तर लग्नाऐवजी दुसऱ्याच कार्याला वलसाडला जावं लागलं असतं.

पण रमणभाऊंनी हिशेब वेगळा मांडला. गाडी थांबणारच होती, काळूने मध्येच पाय घातला म्हणून तिचा गोंधळ झाला. एक तर कंपनीने गाडी बदलून द्यावी, नाही तर ड्रायव्हरची चूक आहे असं लिहून द्यावं. लेखी मिळालं की काळूरामला घरी बसवायचं आणि कागद व्याह्यांना पाठवायचा. देसाई साहेबांनी दुसरा पर्याय निवडायला एक सेकंदही घेतला नाही. गाडी चांगली, कंपनी चांगली, मालक शहाणा. वाईट ठरायला दारात उभा असलेला एक माणूस पुरेसा होता.

तांत्रिक गोष्ट सोपी आहे. ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर ऑटोमॅटिक ब्रेक मागे हटतो, कारण ड्रायव्हरलाच पुढे जायचंय असं गाडी समजते. ब्रेक दाबला तर उलट ती मदत करते. हे मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. तरी मी ‘ड्रायव्हर’ इथपर्यंत टाइप केलं, हे कबूल करतो. इन्क्रिमेंटचा महिना होता. लाज वाटली, पण बोटं चालू होती.

“साहेब, आधी फॉल्ट मेमरी तरी बघतो,” मी म्हणालो. फॉल्ट मेमरी म्हणजे गाडीची डायरी, काय बिघडलं ते ती स्वतः लिहून ठेवते.

“बघ आणि क्लियर कर.”

डायरी भरलेली होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा: समोरचा सेन्सर झाकलेला. पण गाडीच्या नाकासमोर झाकण, पिशवी, काही नव्हतं. मी बाहेर गेलो आणि काळूरामला विचारलं, “डॅशबोर्डवर काही दिसत होतं का?”

त्याने मोबाइल काढला. फोटो होता, पिवळा त्रिकोण आणि खाली इंग्रजीत ‘सेन्सर डर्टी’ असा संदेश. “मी शेटला सांगला होता, साहेब. तीन येळा सांगला. शेट म्हणला, नवी गाडी डर्टी कशी आसंल? धू.”

“मग धुतली?”

“रोज. दोनदा पन धुतली. शांपूनी. बाचा शेंदूर तेवढा सोडून.”

मी गाडीच्या नाकाकडे पाहिलं. तसं मी ते सकाळपासून पाहत होतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला कुठे ना कुठे हळदकुंकू, स्वस्तिक, लिंबू असतंच, त्यामुळे डोळ्यांना ते दिसेनासं होतं. रमणभाऊंच्या आई, सगळे त्यांना बा म्हणतात, दर शनिवारी हनुमानाला तेलात कालवलेला शेंदूर चढवतात. उरलेला कारखान्याच्या मशीनला, आणि आता गाडीला. गाडीवर जागा कुठली निवडणार? जिच्यासाठी एवढी महाग गाडी घेतली ती, नाकावरचं बोधचिन्ह. आठवड्यामागून आठवडे थरावर थर चढून चिन्ह पार बुजलं होतं.

आणि आमच्या जर्मन साहेबांनी रडार बसवलंय नेमकं त्या चिन्हाच्या मागे. पूर्वी चिन्ह धातूचं असायचं. आता ते प्लास्टिकचं आहे, त्याच्या आडून रडार लहरी सोडतं आणि समोर काय आहे ते ओळखतं. खऱ्या शेंदरात शिसं असतं. त्याच्या जाड थरातून त्या लहरी जाणार कशा? थोडक्यात, गाडीचे डोळे लिंपले होते. जर्मनांनी चिन्हाची पूजा केली म्हणून रडारला ती मानाची जागा दिली, आणि बांनी चिन्हाची पूजा केली म्हणून शेंदूर तिथे लावला. दोन्हीकडे भक्तीच होती.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“बारी, हे लिहायचं नाही. धार्मिक भावना आहेत. शिवाय उद्या प्रत्येक जण विचारेल, एवढ्या महाग गाडीला शेंदूर चालत नाही का? ड्रायव्हर एरर लिही. तो काय, टेम्पो चालवेल कुठेतरी.”

“वीस वर्षं त्यांच्याकडेच होता, साहेब.”

“तू युनियन लीडर कधीपासून झालास?”

“तुम्हीच सांगता ना, आपल्या कंपनीची पहिली ड्रायव्हर मालकाला न विचारता गाडी घेऊन गेली आणि वाटेत ब्रेकचं तिने स्वतः पाहिलं? तिलाही मग ड्रायव्हर एरर द्या.”

साहेबांनी टाय सरळ केला. इन्क्रिमेंट गेलं हे मला तेव्हाच कळलं. राग आला की मी असा बोलून बसतो. पण बरं वाटलं, खोटं का बोलू.

शनिवारी रमणभाऊ कागद न्यायला आले. सोबत बा. हातात वाटी, वाटीत शेंदूर. गाडी परगावी असली म्हणून काय शनिवार चुकवायचा? काळूरामही आला होता, शेटच्या घराची आणि टेम्पोची किल्ली परत द्यायला. चपला दारात.

मी लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा ठेवला. गाडीचं इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू. “रमणभाऊ, जरा गाडीसमोर उभे राहा. या चौकोनात समोरच्या वस्तूचं अंतर दिसतं, मीटरमध्ये.”

रमणभाऊ उभे राहिले, पोट आत घेऊन, फोटोला राहतात तसे. चौकोनात नुसती एक रेघ होती.

“तुमचं मशीन बंद हाय,” ते म्हणाले.

“मशीन चालू आहे. गाडीला तुम्ही दिसत नाही.”

“एवढा मोठा माणूस दिसत नाय?”

मग मी बांना सगळं समजावून सांगितलं, चिन्हाच्या मागे गाडीचा डोळा आहे, त्यावर शेंदूर बसलाय. देसाई साहेब मधे पडले, “बा, हा उगाच काहीतरी...” बांनी त्यांना हातानेच गप्प केलं. काळूराम पुढे झाला नाही. बांचा शेंदूर तो पुसणार नव्हता, नोकरी गेली तरी.

“मी लावला, मीच काढते,” बा म्हणाल्या. शांपूचं पाणी आणि फडकं मागितलं. हनुमानाचं नाव घेत घेत दहा मिनिटं घासत होत्या. शेवटचा थर निघाला, बा बाजूला झाल्या आणि चौकोनात आकडा आला. दोन पूर्णांक एक.

“हे रमण?”

“हो. गाडीपासून दोन मीटरवर.”

बांनी वाटीतला मूठभर शेंदूर उचलून चिन्हावर थापला. आकडा गेला. पुन्हा पुसला. आकडा आला. त्यांना त्यात मजा वाटू लागली. तिसऱ्यांदा थापल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “रमण, जो ने, बघ, तू दिसतच नाय!”

वर्कशॉपमधली पोरं स्पॅनर ठेवून बघत होती. रमणभाऊ जागेवरून हलले नाहीत. हलून उपयोगही नव्हता, कुठेही उभे राहिले तरी ते नव्हतेच.

बा अचानक गंभीर झाल्या. काळूरामकडे वळल्या. “मग त्या दिवशी गाडी थांबवली कोणी?”

“मी, बा.”

“रमणने नको सांगितलं तरी?”

काळूराम खाली बघत म्हणाला, “पिंपामागं मानूस होता.”

बा मुलाकडे बघत राहिल्या. रमणभाऊंनी खिशातून मोबाइल काढला, कोणाचाही फोन आलेला नसताना कानाला लावला, पुन्हा ठेवला. मग एका मेकॅनिकच्या पाठीकडे बघत म्हणाले, “काळू, सोमवारपासून ये. सोमवारी कशाला, आत्ताच गाडी काढ.” माफी वगैरे मागितली नाही. व्याह्यांना त्यांनी नंतर काय सांगितलं ते मला ठाऊक आहे: कंपनीने गाडीला खास जर्मन पॉलिश करून दिलं.

रिपोर्ट मी लिहिला तो असा: सेन्सरच्या आवरणावर बाह्य पदार्थाचा जाड थर, ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक लावल्याने अपघात टळला. वरच्या ऑफिसातून मेल आली, पदार्थ कोणता? मी लिहिलं, शेंदूर. पुन्हा मेल आली, हे हवेतलं प्रदूषण आहे का, आणि ते कोणत्या ऋतूत होतं? त्याचं उत्तर देसाई साहेबांनी दिलं. काय दिलं ते मला दाखवलं नाही. मात्र आता त्यांच्या कीर्तनात शेवटी एक वाक्य वाढलंय, “सर, चिन्हाला फक्त नमस्कार करायचा.” माझं इन्क्रिमेंट त्या वर्षी आलं नाही.

नव्या टेक्निशियनना मी एवढंच सांगतो. रिपोर्टमध्ये चूक कोणाच्या नावावर टाकायची ते ठरत असेल, तर आधी मान वर करून बघा, खोलीत कोण नाही. बहुतेक वेळा चूक त्याच्या नावावर लिहून तयार असते.

पुढच्या सर्व्हिसिंगला काळूराम गाडी घेऊन आला. चिन्ह लख्ख होतं. मी आत बसायला दार उघडलं आणि पायाशी बघतो तर ब्रेक पेडलच्या वरच्या दांडीला शेंदराचा ठसठशीत टिळा.

“हे काय?”

“बा लावते. दर शनवारी. म्हनते, गाडी थांबते ती हितून.”

“अरे, तेलकट असतं ते. पाय घसरला तर?”

“रबराला नाय लावत, साहेब. वर दांडीला.” मग तो म्हणाला, “आन् मी चपला काढूनच ब्रेक मारतो.”

मी पाहिलं. चपला शेजारच्या सीटखाली नीट जोडीने ठेवल्या होत्या. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.