संक्रांतीपर्यंत झाशी

हॉस्टेलच्या खोलीत दोन गोष्टी कितीही झाडलं तरी साठतच राहतात. कोपऱ्यातले केस आणि किस्से! केसांवरून वॉर्डन ओरडते, किस्स्यांवरून कुणी ओरडत नाही, त्यामुळे ते वाढतच गेलेत. गावाकडच्या मैत्रिणी फोनवर "झाशी कशी आहे गं?" विचारतात आणि मी एकाला हात घातला की मागून दहा ओढले जातात. म्हणून आज एकदाच बसून सांगते. मध्ये कुणी बोलायचं नाही.

आधी एवढं ध्यानात ठेवा. मी शीतल, साताऱ्यातल्या कोरेगावकडची. फूड टेक्नॉलॉजीला नंबर लागला तो थेट उत्तर प्रदेशात. आईनं जेवण सोडलं नाही, पण आमच्या भाजीत मीठ घालायचं सोडलं. शेवटी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निकाल दिला, "संक्रांतीपर्यंत ऱ्हा. तवा मी येऊन बघतो. मला पटलं तर शिक, न्हाई पटलं तर बॅग भरून माझ्यासंगं परत यायचं. साताऱ्याला कॉलेजं काय कमी हायत?"

म्हणजे झाशीत मी शिकायला नाही, ट्रायलवर आले होते!

* * *

सोडायला मामा आला होता. स्टेशनबाहेर पडलो तर सगळीकडं हिंदी पाट्या, हिंदी गोंगाट. एवढ्यात एक ऑटोवाला दुसऱ्याला ओरडला, "काय, कहाँ जा रए?"

काय! मी बॅग तिथंच टाकून पळाले. "काका, तुम्ही मराठी?"

"काय?"

"अहो, मराठी का तुम्ही? मी साताऱ्याची!"

"काय?"

मामा मागून म्हणाला, "अगं, मराठीच हाय. जरा कमी ऐकू येतंय त्याला. मोठ्यानं विचार."

मी मोठ्यानं विचारलं. अख्खा ऑटो स्टँड वळून बघायला लागला. तो माणूस कानात बोट घालत म्हणाला, "काय मौड़ी, जाने है कै बस चिल्लाने है?"

इथल्या बुंदेलीत 'काय' म्हणजे 'का गं', 'अरे', 'ए' असं सगळंच आणि 'मौड़ी' म्हणजे पोरगी, हे मला नंतर रागिनीनं सांगितलं. रागिनी माझी रूममेट, मऊरानीपूरची. "ऐसे तो तुम्हें पूरी झाँसी मराठी लगेगी," म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून हसत बसली. मी पण हसले असते, पण त्या दिवसांत मला हसण्यापेक्षा रडायलाच जास्त यायचं.

* * *

मेसमध्ये वाढायला एक बाई असतात, तिशीच्या, टिकली लावून, नीटनेटक्या. पहिल्याच दिवशी मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "ताई, थोड़ी दाल देना."

त्यांचा डाव हवेतच थांबला. "ताई? हम तुम्हें ताई दिखते हैं?"

"हो, म्हणजे... हाँ ताई."

"ताई होगी तुम्हारे ताऊ की लुगाई!"

मला वरचं पाणी मिळालं, डाळ खालीच राहिली. ताई म्हणजे इथं वडिलांच्या थोरल्या भावाची बायको! म्हणजे मी त्यांना ताटासमोर उभं राहून म्हातारी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी रागिनीला वकील म्हणून घेऊन गेले. आमच्याकडं ताई म्हणजे मोठी बहीण, असं तिनं पटवून दिलं. बाईंनी माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं.

"तो जीजी बोलो न! ज़बान घिस रही थी का?"

तेव्हापासून जीजी, म्हणजे इथली ताई. डाळही तळापासून ढवळून मिळते.

* * *

अण्णांचा एक हुकूम होता, "मला विचारल्याबिगर राज्य सोडायचं न्हाई." मी म्हटलं, मी कशाला राज्य सोडतेय! राज्य सोडायला रात्रभर रेल्वेत बसावं लागतं, हाच माझा समज.

एका रविवारी रागिनी म्हणाली, चल, ओरछाला जाऊ. ऑटोत बसलो, गप्पा मारतोय, आणि रस्त्यावर ही भली मोठी कमान. 'मध्य प्रदेश में आपका स्वागत है'. मी किंचाळले, "रोको! रोको!"

ऑटोवाल्याला वाटलं काहीतरी चाकाखाली आलं. रागिनीला कळेचना. "अरे, मेरी बुआ रोज़ एमपी से दूध लेके आती है, चाय से पहले!"

आणि तेवढ्यात अण्णांचा फोन. "कुठं हाईस?"

खोटं बोलायचं नव्हतं. "मैत्रिणीबरोबर बाहेर आलेय अण्णा. कॉलेजपासून ऑटोनं थोडंसं."

"लांब न्हाई न गेलीस?"

"नाही, नाही."

"हां. मग ठीक हाय. राज्य सोडायचं न्हाई."

"नाही अण्णा," असं मी मध्य प्रदेशातून सांगितलं.

* * *

वर्गात गौरी म्हणून एक मुलगी आहे. तिचं घराणं पेशव्यांच्या काळात इकडं आलं ते इथलंच झालं. सिविल लाइंसमध्ये फ्लॅट, वडील बँकेत. मराठी तिला सगळी कळते, बोलताना मात्र, "आई ने तेरे लिए पुरणपोळी केली है, जेवून जा ना!"

मी तर वाटच बघत होते. इतक्या दिवसांनी कुणाशीतरी घरच्यासारखं बोलायला मिळणार! गेले. तिच्या बाबांनी दारातच हात जोडले, "यावे, यावे. आसन घ्यावे. मुदपाकखान्यात पाने मांडली आहेत."

मी बावरले. हे माझ्याशीच बोलतायत का म्हणून मागं वळून बघितलं. मग म्हटलं, "व्हय व्हय, बसते की. लई भूक लागलीय बगा."

बाबा हसरा चेहरा तसाच ठेवून गौरीकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "बेटा, तूने तो कहा था मराठी है?"

"बाबा, मराठीच है! ये खरी वाली है!"

"अच्छा? मुझे बुंदेली लगी."

पुढचे दोन तास आम्ही तिन्ही मराठी माणसं हिंदीत जेवलो. पुरणपोळी मात्र आमच्या आईच्या पुरणपोळीच्या तोंडात मारेल अशी होती. हे आईला सांगितलेलं नाही.

* * *

किल्ल्यावर गेलो तेव्हाची गोष्ट. गाइड सगळ्यांना विचारत होता, कहाँ से, कहाँ से. मी म्हटलं, सातारा, महाराष्ट्र. तो एकदम सरळ उभा राहिला. "अरे! आप तो रानी साहिबा के मायके वाली हुईं!"

झालं! सगळ्या ग्रुपनं मला पुढं केलं. एका काकूंनी माझ्याबरोबर फोटो काढला. एका आजोबांनी नमस्कार केला. मी पण काय, मान ताठ, ओढणी खांद्यावर, चालले राणीच्या माहेरची!

खाली आल्यावर गौरीनं तिची स्कूटी माझ्या हातात दिली. "ले, तू चला. तेरे तो खून में है."

मला स्कूटी येत नाही. पण माहेरचा मान होता ना राखायचा! मी ती सुरू केली आणि सरळ एका पाणीपुरीवाल्याच्या बादलीत नेऊन घातली. भिजलेल्या चपला हातात धरून उभी होते, तेव्हा रागिनी म्हणाली, "रानी साहिबा, घोड़ा थक गया क्या?"

* * *

हे असं होता होता माझं रडणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. ते आईला कळलं, आणि कळलं ते भलतंच.

"जेवलीस का?"

"हओ."

"काय?"

"हओ, जेवले."

"नीट बोल की गं!"

"हओ!"

बुंदेलीत हो म्हणजे हओ. तोंडात बसलं होतं, निघेना. आईनं फोन बाजूला धरला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, पोरीच्या जिभेला कायतरी झालंय. संक्रांत आली. जावा आन् घेऊन या तिला."

* * *

आणि अण्णा आले. धुक्यात गाडी अर्धा दिवस लेट, कानटोपी, मफलर, आणि हातात एक मोठी थोरली रिकामी बॅग. ती कशासाठी आणलीय ते मला बघताक्षणी कळलं. मला जायचं नव्हतं! ट्रायलवर आलेली मी, आणि आता मला इथून हलायचं नव्हतं.

कॉलेज दाखवलं. "हं." सदर बाज़ार दाखवला. "हं." जीजीनं गरम गरम वाढलं. "हं. मीठ कमी हाय." संध्याकाळी म्हणाले, "सामान भरून ठेव. उद्या रात्रीची गाडी हाय." मी रात्री भरत होते आणि रागिनी एकेक वस्तू परत बाहेर काढत होती.

सकाळी तीच म्हणाली, "अंकल को बरुआसागर तो दिखा दें." बसनं गेलो. तलाव बघितला, "हं." किल्ला बघितला, "हं." मग भाजीबाजारात शिरलो, आणि अण्णा थांबले.

आल्याचे ढीग! आमच्या शेतात आलंच असतं, अण्णांचं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. त्यांनी एक गड्डा उचलला, मोडला, वास घेतला, आतले धागे बघितले.

ढिगामागचा शेतकरी म्हणाला, "दद्दा, तोड़ोगे तो लेना पड़ेगा."

अण्णांनी ऐकलंच नाही. "ये तुम्हारा माल जमीन में सडता क्या?"

"सड़त है दद्दा! ख़ूब सड़त है!"

अण्णांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "हमारा बी सडता है!"

बसले की दोघं पोत्यावर! अण्णा मराठीत, तो बुंदेलीत, मध्ये कुठंतरी हिंदी. पाणी किती, खत कुठलं, कूज कशी धरते. चहा आला, परत चहा आला. रागिनी म्हणाली, "ये लोग एक-दूसरे की बात समझ रहे हैं?" मी म्हटलं, मला नाही समजत, पण त्यांना समजतंय. निघताना त्या माणसानं त्यांना त्याच्या घरच्या रानातलं बेणं, म्हणजे लागवडीचं आलं, पोत्यात बांधून दिलं आणि दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

परत हॉस्टेलच्या गेटवर आलो. अण्णा म्हणाले, "जा, बॅग आण."

मी आणली. रागिनी मागून नाक पुसत आली, गौरीही आली होती. अण्णा खाली बसले, चेन उघडली, आणि माझी रजई काढून रागिनीच्या हातात दिली. मग पुस्तकं गौरीच्या हातात. मग स्वेटर माझ्या. सगळी बॅग रिकामी केली आणि पोत्यातलं आलं तिच्यात ओतलं.

तेवढ्यात आईचा फोन. अण्णा कायम स्पीकरवरच बोलतात.

"भरली का बॅग?"

"भरली."

"काय काय आलं?"

"आलं आलं."

"अहो, काय आलं?"

"आलं!"

"सगळं आलं?"

"सगळं आलंच आलं."

"आन् पोरगी?"

अण्णांनी चेन ओढली, माझ्याकडं न बघता म्हणाले,

"पोरगी कशी येईल? पुढच्या साली बेणं न्यायला मी कुणाकडं येऊ मग?"