बेचाळीस नंबरचं बटण

कॉलेजातल्या मोठ्या वर्गाचे शिपाई म्हणजे पोरांचे मामा. भाचरं किती, तर दीडशे. तासाआधी नंबर घातलेले छोटे रिमोट वाटायचे, तास संपला की मोजून घ्यायचे, हे त्यांचं काम. बाईंनी पडद्यावर प्रश्न टाकला की पोरं अ, ब, क, ड यातलं एक बटण दाबत आणि कोण हजर आहे, कुणाचं लक्ष आहे ते बाईंना कळे. मामांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण रिमोट मात्र ते सासऱ्याने दिलेल्या घड्याळासारखे जपत.

बेचाळीस नंबरची मुलगी रोज न विसरता ‘थँक यू मामा’ म्हणायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, आई आजारी आहे, चार दिवस यायला जमणार नाही, हजेरी जाईल. मामा विरघळले. तिला न सांगताच मागच्या बाकावर बसून ते बेचाळीसचं बटण दाबू लागले. दरवेळी ‘ब’. काही उत्तरं बरोबर निघाली, तेव्हा गड्याने घरी ऐटीत सांगितलं. बायको म्हणाली, नसत्या उठाठेवी करू नका. तिचं कधी ऐकलंय त्यांनी!

चाराचे वीस दिवस झाले. मुलगी आली नाही आणि मामांचं बोट थांबलं नाही.

ती आली ती वडिलांबरोबर, कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला. बाई चक्रावल्या. “अगं, तुझी उत्तरं तर रोज येत होती. तीन तास कुणाचं उत्तर आलं नाही की मला नाव दिसतं, मी घरी फोन करते.”

“मी फोनची वाट बघत होते,” मुलगी खाली बघत म्हणाली. “तुम्ही बोलला असता तर बाबांनी ऐकलं असतं. मग वाटलं, आपण नसलो तरी कुणाला काही नाही.”

दारात रिमोटचा ट्रे घेऊन उभ्या मामांच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले एक, झालं भलतंच.

“बटण मी दाबत होतो, बाई.”

बाईंनी वडिलांची खूप मनधरणी केली. ते म्हणाले, आता सही झाली. जाताना मुलगी सवयीने ‘थँक यू मामा’ म्हणाली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर मामांना सोसली असती.

यादीतून नाव कमी व्हायला आठवडा लागतो. मामांनी बेचाळीसला पुन्हा हात लावला नाही. तिसऱ्या तासाला बाईंच्या पडद्यावर तिचं नाव आलं.